चौथे दार

बदलीच्या नोकरीत गाव नशिबाने मिळते आणि घर दलालाच्या कृपेने. २०१३ च्या पावसाळ्यात माझी वाराणसीस बदली झाली, तेव्हा दोन्ही बाबतींत आपण भाग्यवान आहोत असे मला वाटले. नारदघाट आणि खोरीघाट यांच्या मधोमध गंगेत उतरलेल्या दगडी पायऱ्यांच्या वर, एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आम्हांला जागा मिळाली. खिडकी उघडली की समोर नदी, नदीपलीकडे वाळूचा पांढरा पट्टा आणि त्यापलीकडे काहीच नाही. घाटाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'राजाघाट' असे लिहिले होते. आमच्या घरमालकांचे पूर्वज मात्र सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेले. त्यांच्या घरात अजून 'अमृतराव घाट' हेच नाव चाले. "पाटी सरकारची, घाट अमृतरावांचा," असे ते आपल्या काशीच्या मराठीत सांगत, आणि त्या मराठीत दर चौथा शब्द हिंदी असे.

हे अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे वडील बंधू. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले तेव्हा पेशवाईचा कारभार काही काळ त्यांच्या हाती आला होता. पुढे १८०३ साली इंग्रजांशी करार होऊन त्यांना सालिना सात लाखांची नेमणूक मिळाली आणि ते बुंदेलखंडात कर्वीस व काशीस येऊन राहिले. गेलेल्या राज्याचे दुःख त्यांना किती होते हे कोणी सांगावे? पण दानधर्म मात्र त्यांनी राजासारखा केला. १८२४ साली ते वारले. त्याच वर्षी कलकत्त्याचे बिशप हेबर काशीस आले होते. त्यांनी आपल्या प्रवासवृत्तांत अमृतरावांच्या दानाची एक हकीकत लिहून ठेविली आहे. वर्षातून एके दिवशी, आपल्या इष्टदेवतेच्या उत्सवास, ते येईल त्या ब्राह्मणाला आणि आंधळ्यापांगळ्याला तांदूळ व रुपया देत. शहराबाहेर त्यांची मोठी बाग होती. तिला चार दारे. तीन दारे तीन प्रकारच्या याचकांसाठी उघडी असत आणि चौथे त्यांच्या स्वतःसाठी व नोकरचाकरांसाठी राखलेले असे. दान घेतलेल्या माणसाला बागेत नेऊन दिवसभर तेथेच ठेवीत. हेतू हा की, त्याने पुन्हा रांगेत उभे राहू नये. बागेत सावली होती, पाणी होते, सोबत होती आणि देवही होते.

मी हिशेबतपासणीच्या खात्यातला माणूस. एकाने दोनदा घेऊ नये म्हणून केलेली ही तजवीज वाचून मला व्यवसायबंधूच भेटल्याचा आनंद झाला. त्या चौथ्या दाराकडे मात्र तेव्हा माझे लक्ष गेले नाही.

काशीत राहावयास आल्यावर पहिल्या आठवड्यातच एक आवाज माझ्या ओळखीचा झाला. दुपारी तीनच्या सुमारास खालच्या मजल्यावर पाटा घासल्यासारखा संथ आवाज सुरू होई आणि तासभर चाले. आमच्या सौभाग्यवतींना वाटले, घरमालकांकडे रोज पुरण वाटतात की काय! पुढे उलगडा झाला की, वयाची अठ्ठ्याहत्तरी गाठलेले घरमालक स्वतःच्या हाताने भांग वाटीत असत. त्यांना आम्ही 'आजोबा' म्हणू लागलो होतो. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वराकडचे लोक हिला घोटा म्हणतात. संस्कृतात ती विजया. काशीत तिला बूटी असे लाडके नाव आहे, आणि ती 'प्यायची' नसते, 'छानायची' असते. पाला प्रथम पाण्यात पुन्हा पुन्हा चोळून धुवायचा, इतका की पाणी स्वच्छ निघावे. मग मिरी, बडीशेप, बदाम, खरबुजाच्या बियांचा मगज, उन्हाळा असेल तर गुलाबाच्या पाकळ्या असे सारे घालून तो वाटायचा. पाट्याला आणि वरवंट्याला एकजीव चिकटेपर्यंत वाटायचा, असा आजोबांचा दंडक होता. मग त्याची गोळी करून दुधाबरोबर घ्यायची, नाही तर फडक्यातून गाळून थंडाईत मिसळायची. पूर्वी ही मंडळी नावेने पलीकडच्या तीरावर जात, तेथे वाळूत सगळे विधी, स्नान, भांग उरकून सायंकाळी परतत. त्या सहलीला 'बहरी अलंग' म्हणत. आजोबांच्या गुडघ्यांनी ती सहल बंद केली होती. पाटा मात्र चालू होता.

आता जे लिहावयाचे ते लिहितो. पुढच्या वर्षीच्या महाशिवरात्रीस आजोबांनी मला बोराएवढी गोळी आणि पेलाभर दूध दिले. "प्रसादाला नाही म्हणू नये," असे ते म्हणाले. मी नाही म्हटले नाही. तासाभराने नदी नेहमीपेक्षा सावकाश वाहू लागली, घाटावरच्या घंटा फार गोड वाटल्या आणि रात्री मी चार पोळ्या जास्त खाल्ल्या. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी खाली जाऊ लागलो. घरात सांगे, "आजोबांकडे बदामाचे दूध घेऊन येतो." हे विधान खोटे नव्हते. हिशेबतपासणीत ज्याला आम्ही 'तपशील अपुरा' म्हणतो, त्या जातीचे ते होते.

२०१४ च्या जुलैत माझा भाचा काशी हिंदू विद्यापीठात एम. एस्सी.साठी आला. माझी थोरली बहीण वाईस असते. मेहुणे लवकर गेले. तिने शिकवण्या करून मुलाला वाढविले. त्याला निरोप देताना तिने मला पत्र लिहिले होते : "वाईला दक्षिण काशी म्हणतात. आता तो खऱ्या काशीस चालला आहे. तेथे तू आहेस एवढ्यावरच मी त्याला पाठवीत आहे." मुलगा वसतिगृहात राहू लागला आणि रविवारी आमच्याकडे जेवावयास येऊ लागला. मामा या नात्याने मी त्याला पुष्कळ उपदेश केला. सिगारेट, दारू, रात्रीची जागरणे, मोबाइलचा नाद, कशाविषयी म्हणून बोलावयाचे ठेविले नाही. भांगेविषयी मात्र मी अवाक्षर काढले नाही. ते माझ्या ध्यानातच आले नाही असे मी पुढे स्वतःला सांगत असे. खरे पाहता, ते ध्यानात येऊ नये अशी व्यवस्था मीच केली होती. जेवण झाले की त्याला पुस्तक देऊन मी खाली 'बदामाचे दूध' घ्यावयास जात असे.

२०१५ ची होळी. आदल्या रात्री दहाच्या सुमारास दाराची कडी जोरजोराने वाजली. दारात भाचा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरलेले त्याचे तीन मित्र. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, डोळे लाल, ओठ कोरडे. मला पाहताच त्याने विचारले, "मामा, मला जाऊन किती वर्षे झाली?" मला वाटले, वसतिगृहातून निघाल्याला किती वेळ झाला असे विचारतो आहे. तसे नव्हते. आपण मेलो आहोत आणि हे सारे त्यानंतरचे आहे, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. काशीत मेल्यावर पुन्हा जन्म नाही, म्हणजे आता आईची भेट नाही, असे तो एखाद्या प्रमेयासारखे पायरीपायरीने सांगे आणि हमसून रडे. त्याच्या छातीवर हात ठेवला तर काळीज पाखरासारखे धडधडत होते.

सौ. चिंच आणि लिंबू घेऊन धावली. मित्रांपैकी एकजण म्हणाला, आणखी गोड खाऊ घाला. दुसरा म्हणाला, गोडाने चढते. मी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावली, त्याला पूर्वीचा हृदयविकार वगैरे नाही ना, सोबत दारू किंवा दुसरे काही घेतले आहे काय, हे दोनदा विचारले. मग दिवा मंद करावयास सांगितला. "ह्याला उतारा असे काही औषध नाही. जवळ बसा, हळू बोला, घोटघोट पाणी द्या. एकटा सोडू नका आणि जिन्याकडे, नदीकडे जाऊ देऊ नका. छातीत दुखले, उलट्या थांबेनात किंवा शुद्ध जाऊ लागली, तर मात्र थेट इस्पितळ गाठायचे," असे म्हणून ते स्वतःही तासभर बसले. पहाटे चारला मुलाला झोप लागली. होळीच्या दिवशी सबंध काशी रंगात न्हात होती आणि आमच्या घरात आम्ही तिघे कुजबुजत वावरत होतो. रात्रभर मी त्याला सांगत होतो, "अरे, तू जिवंत आहेस, हा मी तुझा मामा." आणि प्रत्येक वेळी तो विचारी, "कशावरून?"

डॉक्टरांनी मित्रांना एकच प्रश्न विचारला होता : किती घेतली? उत्तर असे मिळाले की, संध्याकाळी सहाला एक गोळी घेतली. पाऊण तास झाला तरी काही होईना. तेव्हा गोळी कच्ची असेल म्हणून दुसरी घेतली, आणि वर थंडाईचे दोन पेले. "सगळे असेच करतात," असे तो मुलगा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच फसतात."

त्या रात्रीनंतर मी जे वाचले आणि त्यांच्याकडून समजून घेतले ते थोडक्यात असे. गांजा, चरस आणि भांग ही एकाच झाडाची अपत्ये. मादी झाडाचे राळयुक्त शेंडे म्हणजे गांजा, खरवडलेली राळ म्हणजे चरस, आणि पाला म्हणजे भांग. या तिघांत भांग सर्वांत सौम्य. परंतु तिघांतील मादक द्रव्य एकच. त्याची रचना १९६४ साली इस्राएलमध्ये मेशुलाम आणि गावनी या दोघा शास्त्रज्ञांनी ठरविली. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून दूध, बदाम, तूप. धूर ओढला तर ते मिनिटांत मेंदूत पोचते आणि ओढणाऱ्याला थांबावयाचे केव्हा ते कळते. पोटातून घेतले तर ते यकृतातून जाते. तेथे त्याचे जे रूपांतर होते ते मूळ द्रव्याहून सौम्य नसते. असर दिसावयास अर्धा तास ते दोन तास लागतात, पोट भरलेले असेल तर अधिकही, आणि मग तो सहा-आठ तास किंवा त्याहूनही जास्त टिकतो. म्हणजे पहिली गोळी जिना चढत असतानाच माणूस दुसरी आत पाठवितो आणि दोघी एकदम दारावर थाप मारतात. शिवाय गोळीत पाला किती, त्यात शेंडे मिसळले आहेत काय, हे गोळी पाहून कोणालाच सांगता येत नाही. पूर्वी काही ठिकाणी धोतऱ्याचे बी मिसळण्याची चाल होती. ते तर निव्वळ विष.

भाचा सावरल्यावर, आठ-दहा दिवसांनी, त्या तिघा मित्रांना मी घरी बोलाविले. सौ.ने पोहे केले. नंतर आम्ही खाली घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. रागावण्याचा माझा विचार नव्हता. ह्या मुलांना ठाऊक काय आहे, हे मला जाणून घ्यावयाचे होते. त्यांना पुष्कळ ठाऊक होते. कोणत्या नाक्यावरचे दुकान केव्हा उघडते, कोणाची थंडाई घट्ट, माजून कोठे मिळते, सगळे तोंडपाठ. अमली पदार्थ म्हणजे काय तेही ते जाणत होते आणि त्यांच्यापैकी कोणी गांजाला स्पर्श केला नसता. पण भांग त्यांच्या लेखी त्या यादीत नव्हतीच. एकजण म्हणाला, "दुकानावर सरकारमान्य अशी पाटी आहे. वाईट असती तर सरकारने विकू दिली असती का?" दुसरा म्हणाला, "पालाच तो, तुळशीसारखा." तिसरा म्हणाला, "शंकराचा प्रसाद." पहिल्याने कायद्याचा आधार दिला, दुसऱ्याने निसर्गाचा आणि तिसऱ्याने देवाचा. यांपैकी एकाही आधाराला एक गोळी आणि दोन गोळ्या यांतला फरक सांगता येत नव्हता. भाच्याचा विषय रसायनशास्त्र. त्या द्रव्याची आकृती त्याने मला वहीत काढून दाखविली, अगदी बिनचूक. ते पोटातून चढावयास किती वेळ लागतो हे मात्र त्याला त्या होळीपर्यंत ठाऊक नव्हते.

तुळशीची उपमा ऐकून मला हसू आले. आपल्या मराठीत सज्जनाच्या घरी दुर्जन निपजला तर 'तुळशीत भांग' म्हणतात आणि उलट झाले तर 'भांगेत तुळस'. म्हणजे आपल्या पूर्वजांनी या दोन रोपांची अंगणे तरी वेगळी मानली होती. कायद्याने मात्र ही अंगणे प्रांताप्रांतांत वेगवेगळी आखली आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आणि त्याला अनुसरून झालेल्या आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा आणि चरस यांना बंदी आहे. परंतु शेंड्यांवाचूनचा पाला व्याख्येतून वगळला आहे. तो विषय राज्यांच्या अबकारी खात्यांकडे राहिला. त्यामुळे उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत, आणि महाराष्ट्रात मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून परवान्यावाचून भांग बाळगणे हा गुन्हा आहे. वाईच्या पुलावर ज्या गोळीसाठी मुलाला पोलीस धरतील, ती गोदौलियाच्या नाक्यावर पावती मागितली तर पावतीनिशी मिळावी, ही गंमत आपल्यासारख्या बदलीच्या माणसांना चांगली समजेल. परवाना म्हणजे महसुलाची व्यवस्था. निरुपद्रवीपणाचा दाखला तो नव्हे. हे मी जन्मभर कागदावर वाचीत आलो होतो. पण त्या मुलांना ते कोणी सांगितले नव्हते, आणि मीही नाही.

मी त्यांना एका जुन्या सरकारी अहवालाविषयी सांगितले. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी सात जणांचे मंडळ नेमिले. त्यांत तीन हिंदी सभासद होते. देशभर हिंडून त्यांनी अकराशेहून अधिक साक्षी नोंदविल्या आणि १८९४ साली अहवाल पूर्ण केला. बेताने घेणाऱ्यांना सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि सरसकट बंदी योग्य नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. मुलांचे चेहरे एकदम खुलले. तेव्हा मी त्यांना त्याच अहवालातली दुसरी गोष्ट सांगितली. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत पुष्कळ रुग्णांपुढे वेडाचे कारण म्हणून गांजाचे नाव लिहिलेले होते. मंडळाने एकेका रुग्णाची कागदपत्रे तपासली तेव्हा दिसून आले की, पुष्कळदा कारण कोणी शोधलेच नव्हते. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून पोलिसांनी किंवा कारकुनाने सोयीचा शब्द लिहून टाकला होता. आपण सारे तेच करतो. कोणी रकान्यात 'विष' लिहितो, कोणी 'प्रसाद' लिहितो, आणि रकाना भरला की चौकशी संपते. शिवाय त्या मंडळापुढे आजचे ज्ञान नव्हते. १९८७ साली स्वीडनमधील सुमारे पंचेचाळीस हजार सैनिकभरतीच्या तरुणांची पंधरा वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांनी भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा या झाडाचे पदार्थ घेतले होते, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले. ती पाहणी काशीच्या थंडाईची नव्हती, हे खरे. आणि सहापट झाले तरी बहुसंख्यांना तो आजार झाला नाही, हेही खरे. परंतु विशीतला मेंदू अजून घडत असतो, आणि ज्याच्या घराण्यात मनोविकार आहे त्याने या वाटेला जाऊच नये, एवढे त्यावरून आणि पुढच्या संशोधनावरून म्हणता येते.

बोलणे चालू असताना चौथ्या पायरीवर बसलेला एक मुलगा गप्प होता. सगळे उठल्यावर तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, "मामाजी, मी रोज रात्री घेतो. झोपेसाठी. दीड वर्ष झाले." त्याला कधी भ्रम झाला नव्हता, कोणी कधी उचलून आणले नव्हते. म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही गेले नव्हते. परीक्षेच्या भीतीने सुरुवात झाली. आता सोडली तर झोप येत नाही, चिडचिड होते, म्हणून पुन्हा घ्यायची. त्याला मी डॉक्टरांकडे नेले. त्याने दोन महिने सोडली, पुन्हा धरली, एक वर्ष बुडविले, मग वडील येऊन त्याला गावी घेऊन गेले. पुढे काय झाले हे माझ्यापर्यंत आले नाही. भाच्याची एक रात्र वाईट गेली. त्या मुलाच्या पाचशे रात्री चांगल्या गेल्या होत्या. दोघांतील कोणाची काळजी अधिक करावयास हवी होती, हे मला फार उशिरा समजले.

मित्र गेले आणि आम्ही मामा-भाचे दोघेच घाटावर उरलो. पलीकडच्या वाळूवर ऊन उतरत होते. मी विचारले, "मला आधी का विचारले नाहीस?"

तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, तुमच्या रविवारच्या दुधाचा वास मला पहिल्या महिन्यातच कळला होता. वसतिगृहात तोच वास येतो. मला वाटले, तुम्ही घेता म्हणजे त्यात वाईट काही नसेल. आणि तुम्ही सांगत नाही म्हणजे विचारायचे नसेल."

मी नोकरीत पुष्कळांचे हिशेब तपासले आहेत. इतका नेमका आक्षेप माझ्यावर कोणी घेतला नव्हता. तेव्हा मला बिशप हेबरांनी वर्णिलेले ते चौथे दार आठवले. तीन दारांवर मी चोख पहारा ठेविला होता. सिगारेटचे दार, दारूचे दार, जागरणाचे दार. चौथे मी माझ्यासाठी राखून ठेविले होते, आणि मुलगा नेमका माझ्या मागोमाग त्या दारातून आत शिरला होता. फरक इतकाच की, मी शिरलो तेव्हा आत आजोबा होते. आजोबांच्या ओसरीवर एक नियम होता : गोळी घेतल्यावर सूर्य मावळेपर्यंत जागचे उठावयाचे नाही, आणि पुन्हा मागेल त्याला वाटी द्यावयाची नाही. विशीतल्या मुलाला तर ते पाट्याजवळ बसूही देत नसत. तो नियम त्यांनी कोठे वाचला नव्हता. त्यांच्या आजोबांनी त्यांना तसे बसविले होते. वसतिगृहात भांग पोचली, हा नियम पोचला नाही. अमृतरावांच्या बागेत एकदा घेतलेल्याला बाहेर जाऊ देत नसत, पण त्याच्यासाठी सावली, पाणी आणि सोबत ठेविलेली असे. डॉक्टरांनी त्या रात्री सांगितले ते याहून वेगळे काय होते?

बहिणीशी मी दर रविवारी फोनवर बोलत असे, पण ही हकीकत फोनवर सांगण्यासारखी नव्हती. तीन रात्री मी पत्र लिहीत होतो आणि फाडीत होतो. पहिल्या मसुद्यात मुलाचा दोष होता, दुसऱ्यात संगतीचा, तिसऱ्यात काशीचा. चौथ्या मसुद्यात मी पहिले वाक्य असे लिहिले : "ताई, वर्षभरापासून दर रविवारी मी भांग घेतो, आणि हे मी घरात कोणाला सांगितलेले नाही." ते वाक्य लिहिल्यावर पुढचे पत्र आपोआप लिहून झाले. टाकण्यापूर्वी ते मी सौ.ला वाचून दाखविले. ती म्हणाली, "अहो, मला वास येत नाही असे वाटले का तुम्हांला?" म्हणजे त्या घरात हे फक्त मलाच गुपित वाटत होते.

ताईचे उत्तर आठ दिवसांनी आले. ती शिक्षिका, तिची पत्रे नेहमी मुद्देसूद असतात. हे पत्र चार ओळींचे होते. "तुझे पहिले वाक्य वाचून राग आला. पुढचे वाचून मुलाची काळजी वाटली. मग पहिले वाक्य पुन्हा वाचले आणि त्याला तेथेच ठेवावा असे ठरविले. मात्र पुढच्या रविवारी तू खाली जाणार आहेस की नाही, हे मला नाही, त्याला सांग."

मी आजोबांना सांगितले, आता दूध नुसत्या बदामाचे. त्यांनी कारण विचारले नाही. "बरे केलेत," एवढेच म्हणाले आणि पाट्यावरचा वरवंटा उचलून आपले काम पुढे चालू केले. त्यांच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. साठ वर्षे मोजून घेणाऱ्या त्या वृद्धाला व्यसनी म्हणण्याचा अधिकार मला नाही. तसाच त्यांचा दाखला विशीतल्या मुलापुढे ठेवण्याचाही नाही.

पुढच्या होळीस भाच्याच्या मजल्यावरच्या मुलांनी आपसांत एक व्यवस्था केली. कोणी घेतलीच तर एकदाच, दोन तास थांबल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही. नको म्हणणाऱ्याला आग्रह नाही. आणि दोघांनी अजिबात न घेता पाण्याची घागर घेऊन जागे राहावयाचे. त्या दोघांत भाचा होता. २०१६ साली तो उत्तीर्ण झाला, आणि २०१७ साली माझीही बदली झाली.

पुढे २०१९ साली केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेली देशव्यापी पाहणी माझ्या वाचनात आली. वर्षभरात या झाडाचा कोणता ना कोणता पदार्थ घेतलेले सुमारे तीन कोटी लोक देशात असून त्यांतील सुमारे सव्वादोन कोटी भांग घेणारे आहेत, असा तिचा अंदाज आहे. म्हणजे या झाडाच्या ज्या पदार्थाविषयी आपण घरात सर्वांत कमी बोलतो, तोच त्याच्या पदार्थांत सर्वांत अधिक घेतला जातो. आपणांपैकी ज्यांची मुले आज परप्रांतीच्या विद्यापीठांत शिकत आहेत, त्यांना मी उपदेश करणार नाही. उपदेशाची तीन दारे मी पुरती राखून पाहिली आहेत. मुलाशी बोलावयास बसण्यापूर्वी आपले चौथे दार कोणते आहे, तेवढे एकदा पाहून यावे, इतकेच.

काशी सोडताना मी शेवटचा घाटावर उतरलो. दुपारचे तीन वाजले होते. वरून पाट्याचा संथ आवाज येत होता आणि नदी तिच्या नेहमीच्या गतीने वाहत होती.